हल्ल्याच्या वेळी एखाद्या सामान्य माणसाकडे बंदूक असेल, तर जीव वाचतात की आणखी जातात?

तुमच्या फीडवर असा व्हिडिओ कधी ना कधी आलाच असेल. सीसीटीव्हीचं धूसर फुटेज, एक हल्लेखोर गोळ्या झाडतोय, लोक सैरावैरा पळतायत आणि तेवढ्यात गर्दीतला कुणीतरी पिस्तूल काढून त्याला खाली पाडतो. खाली हजारो कमेंट्स. ‘असा एक तरी माणूस प्रत्येक ठिकाणी हवा’, ‘आपल्याकडेही परवाने सोपे करा’, ‘पोलीस येईपर्यंत काय मरायचं का?’

शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, बहिणी, मित्र अमेरिकेत राहतात. तिथल्या मॉलमध्ये, शाळेत, चर्चमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली की इथे घरच्यांचे फोन सुरू होतात. त्यामुळे हा प्रश्न अगदीच लांबचा नाही. पण त्याचं उत्तर एका रीलवरून मिळत नाही.

त्यासाठी आधी दोन खऱ्या घटना बघू.

दोन घटना, दोन शेवट

पहिली घटना १७ जुलै २०२२ ची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ग्रीनवुड पार्क मॉल आहे. रविवारची संध्याकाळ होती. फूड कोर्टमध्ये एका हल्लेखोराने रायफलमधून गोळीबार सुरू केला. तिथे २२ वर्षांचा एक तरुण त्याच्या मैत्रिणीसोबत आला होता आणि त्याच्याकडे पिस्तूल होतं. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार, गोळीबार सुरू झाल्यापासून १५ सेकंदांच्या आत त्याने उलट गोळीबार केला. अंतर सुमारे ४० यार्ड, म्हणजे साधारण १२० फूट. त्याने १० गोळ्या झाडल्या, त्यातल्या ८ लागल्या. हल्लेखोर मेला. तोवर ३ लोकांचा जीव गेला होता, पण हा तरुण नसता तर आकडा कितीतरी मोठा असता, असं पोलिसांनी स्पष्ट सांगितलं.

दुसरी घटना त्याच्या एक वर्ष आधीची, २१ जून २०२१ ची. कोलोरॅडो राज्यातलं अरवाडा शहर. एका माणसाने बाजारपेठेत एका पोलीस अधिकाऱ्याला गोळ्या घालून ठार केलं आणि गाडीतून दुसरी बंदूक, एआर-१५ रायफल काढली. जवळच्या दुकानात खरेदीला आलेल्या ४० वर्षांच्या एका माणसाने आवाज ऐकला. तो पिस्तूल घेऊन बाहेर धावला आणि त्याने हल्लेखोराला गोळ्या घातल्या. हल्ला तिथेच थांबला.

मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. तेवढ्यात दुसरा पोलीस अधिकारी तिथे पोहोचला. त्याला दिसला तो साध्या कपड्यातला, हातात रायफल असलेला एक माणूस. त्याने गोळी झाडली. ज्याने लोकांना वाचवलं, तोच पोलिसांच्या गोळीने मेला.

अरवाडाच्या पोलीस प्रमुखांनी त्याला जाहीरपणे हिरो म्हटलं. सरकारी वकिलांनी त्या अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल केला नाही, कारण त्याच्या जागी असलेल्या कुणालाही तो माणूस हल्लेखोरच वाटला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०२३ मध्ये शहराने मृताच्या आईला २८ लाख डॉलर्स देऊन दावा मिटवला.

दोन्ही घटनांत सामान्य माणसाने हल्ला थांबवला. एक घरी गेला, दुसरा गेला नाही. पहिल्या घटनेचे व्हिडिओ खूप फिरले. दुसरी घटना किती जणांना माहीत आहे?

हा वाद नेमका सुरू कुठून झाला?

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर अमेरिकेत बंदुकांवर निर्बंध आणण्याची मागणी जोरात सुरू झाली. बरोबर एका आठवड्याने नॅशनल रायफल असोसिएशन या बलाढ्य संघटनेचे प्रमुख वेन लापिएर माध्यमांसमोर आले. बंदूक घेतलेल्या वाईट माणसाला फक्त बंदूक घेतलेला चांगला माणूसच थांबवू शकतो, असं ते म्हणाले.

हे वाक्य अमेरिकेच्या राजकारणात घर करून बसलं. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत सज्ञान व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. इंडियानात हा कायदा १ जुलै २०२२ ला लागू झाला, म्हणजे ग्रीनवुडच्या घटनेच्या जेमतेम दोन आठवडे आधी. त्यामुळे त्या घटनेनंतर कायद्याच्या समर्थकांना आयतं उदाहरण मिळालं.

पण एक उदाहरण म्हणजे नियम नव्हे. म्हणून आता आकड्यांकडे येऊ.

हल्ला थांबवतं कोण?

एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या १६० ‘ॲक्टिव्ह शूटर’ घटनांचा अभ्यास केला. ॲक्टिव्ह शूटर म्हणजे लोक असलेल्या ठिकाणी सरळसरळ माणसं मारत सुटलेला हल्लेखोर. घरातली भांडणं, टोळीयुद्धं यात धरलेली नाहीत.

या १६० पैकी ९० घटना हल्लेखोराने स्वतःच संपवल्या. म्हणजे त्याने आत्महत्या केली, तो पळून गेला किंवा त्याने गोळीबार थांबवला. २१ घटनांत नि:शस्त्र नागरिकांनी त्याला पकडून आडवं केलं. आणि पोलीस नसलेल्या सशस्त्र व्यक्तींनी उलट गोळीबार केल्यावर संपलेल्या घटना किती? ५. त्यातही चार ठिकाणी ते सशस्त्र सुरक्षारक्षक होते. परवाना असलेला सामान्य नागरिक फक्त एका घटनेत होता.

टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका केंद्राकडे यापेक्षा मोठ्या काळाची माहिती आहे. २००० ते २०२१ मधल्या ४३३ हल्ल्यांपैकी २४९ हल्ले पोलीस पोहोचण्याआधीच संपले होते. त्यातले ६४ तिथे हजर असलेल्या लोकांनी थांबवले. ४२ वेळा झटापट करून, हाताने. २२ वेळा गोळी घालून. या २२ पैकी १० वेळा गोळी घालणारा सुरक्षारक्षक किंवा ड्युटीवर नसलेला पोलीस होता. सामान्य नागरिक १२ वेळा.

म्हणजे ४३३ पैकी १२. टक्केवारीत तीनसुद्धा भरत नाहीत.

इथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांची संस्था म्हणते की एफबीआय अशा घटना मोजण्यात कमी पडतं. सशस्त्र नागरिकाने हल्ला लवकर थांबवला तर कुणी मरत नाही, मग ती बातमी गावापुरती राहते आणि यादीत येत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. त्यांच्या मोजणीनुसार २०१४ ते २०२१ मधल्या जवळपास एक तृतीयांश हल्ल्यांत नागरिकांनी बंदूक वापरून हल्ला थांबवला.

तीन टक्के आणि तेहतीस टक्के यात एवढा फरक कसा? कारण कोणती घटना ‘ॲक्टिव्ह शूटर’मध्ये धरायची, याची यादीच दोघांची वेगळी आहे. एफबीआयच्या यादीतून काही घटना सुटल्या असणार हे मान्य करता येतं. पण यादी जितकी सैल कराल, तितका एखादं भांडण, एखादी लूट आणि सामूहिक हत्याकांड यातला फरक पुसट होत जातो. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी टक्केवारी तोंडावर फेकली, तर पहिला प्रश्न विचारा: यात काय काय मोजलंय?

मग बंदूक असूनही काम का होत नाही?

याची मुख्य कारणं चार आहेत.

पहिलं, वेळ. एफबीआयच्या अभ्यासात ६३ घटनांचा कालावधी कळू शकला. त्यातल्या ४४ घटना पाच मिनिटांच्या आत संपल्या आणि २३ तर दोन मिनिटांच्या आत. एवढ्या वेळात आवाज फटाक्याचा की गोळीचा हे कळणं, लपायला जागा शोधणं, हल्लेखोर कुठे आहे ते बघणं आणि मग पिस्तूल काढणं. बहुतेकांचं पहिल्या पायरीवरच थांबतं.

दुसरं, नेम. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या नोंदी तपासल्या. समोरून गोळ्या येत असताना प्रशिक्षित पोलिसांच्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्केच लक्ष्याला लागल्या होत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर पोलिसांनी एका हल्लेखोराला मारलं, तेव्हा आजूबाजूचे ९ लोक जखमी झाले. हे सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले होते. पगार घेऊन सराव करणाऱ्यांची ही गत, तर वर्षातून एकदा शूटिंग रेंजवर जाणाऱ्याचं काय?

तिसरं, हल्लेखोर नेमका कोण आणि किती जण? जून २०१४ मध्ये लास व्हेगासच्या एका वॉलमार्टमध्ये बंदूकधारी शिरला. एक ग्राहक स्वतःचं पिस्तूल घेऊन त्याच्या दिशेने सरकला. हल्लेखोराची पत्नीही त्याच्या कटात सामील आहे आणि ती मागेच उभी आहे, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तिने त्याला गोळी घातली. त्याचा मृत्यू झाला.

जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये याच्या उलट झालं. गोळीबाराचा आवाज ऐकून एक सशस्त्र तरुण धावत आला. त्याला हातात पिस्तूल असलेला माणूस दिसला. तो गोळी घालणारच होता, पण त्याने आधी त्या माणसाचा हात धरला. तो हल्लेखोर नव्हताच! हल्लेखोराकडून पिस्तूल हिसकावून घेणारा माणूस होता. खऱ्या हल्लेखोराला लोकांनी आधीच जमिनीवर दाबून धरलं होतं. एका निरपराध माणसाला मारायच्या किती जवळ पोहोचलो होतो, हे त्या तरुणाने नंतर मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं.

चौथं, पोलीस. त्यांना फोनवर एवढंच कळलेलं असतं की कुणीतरी गोळ्या झाडतंय. चांगल्या माणसाच्या कपाळावर ‘चांगला’ असं लिहिलेलं नसतं. अरवाडात तेच घडलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अलाबामातल्या हूव्हर शहरात एका मॉलमध्ये भांडणातून गोळीबार झाला. पोलिसांनी पिस्तूल हातात घेतलेल्या २१ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला ठार केलं. हल्लेखोर मारला, असं आधी जाहीरही केलं. नंतर मान्य करावं लागलं की ज्यांना गोळ्या लागल्या, त्यांच्यावर त्याने बहुधा गोळीबार केलाच नव्हता. म्हणजे चांगला माणूस कोण, हे ठरवताना कातडीचा रंगही आड येतो का, हा प्रश्न अमेरिकेत पुन्हा विचारला गेला.

जिथे जमलं, तिथे काय वेगळं होतं?

डिसेंबर २०१९ मध्ये टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंट इथल्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू असताना एकाने दोघांना गोळ्या घातल्या. सुमारे सहा सेकंदांत चर्चच्या सुरक्षा पथकातल्या एका स्वयंसेवकाने त्याला एका गोळीत संपवलं. प्रार्थनेचं थेट प्रक्षेपण सुरू होतं, त्यामुळे तो व्हिडिओ जगभर गेला.

पण हा स्वयंसेवक म्हणजे योगायोगाने तिथे बसलेला माणूस नव्हता. तो पूर्वी राखीव पोलीस दलात होता, बंदूक चालवायचं प्रशिक्षण द्यायचा आणि त्याची स्वतःची शूटिंग रेंज होती. चर्चने पथक तयार केलं होतं आणि त्या संशयास्पद माणसावर आधीपासून नजर होती. तरीही मेलेल्या दोघांतला एक जण याच सुरक्षा पथकातला होता. तो स्वतःचं पिस्तूल काढत असतानाच मारला गेला.

ग्रीनवुडचा तरुण मात्र लष्करातला किंवा पोलिसातला नव्हता. त्याला बंदूक चालवायला आजोबांनी शिकवलं होतं. म्हणजे प्रशिक्षण नसलेल्या माणसाला जमतच नाही, असंही म्हणता येत नाही. पण १२० फुटांवरून, समोर रायफल असताना १० पैकी ८ गोळ्या लागणं हे वर दिलेल्या १८ टक्क्यांशी ताडून बघा. ते विलक्षण होतं, म्हणूनच त्याची बातमी झाली. धोरण विलक्षण माणसावर आखायचं की सरासरी माणसावर, हा खरा प्रश्न आहे.

बंदूक फक्त हल्ल्याच्या दिवशी जवळ नसते

रीलमध्ये कधीच न दिसणारी गोष्ट ही आहे. आयुष्यात एकदाही न येण्याची शक्यता असलेल्या त्या पाच मिनिटांसाठी घेतलेली बंदूक बाकीचे सगळे दिवस घरात, गाडीत, कमरेला असते. भांडणाच्या वेळी असते, दारूच्या वेळी असते, नैराश्याच्या वेळीही असते.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० लोक मेले. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. मॉल आणि शाळांमधल्या हल्ल्यांत मेलेल्यांचा वाटा या आकड्यात अगदी छोटा आहे.

जास्त लोकांनी बंदुका बाळगल्या की गुन्हे कमी होतात, असं लॉट यांनी १९९८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं होतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने उपलब्ध पुरावा तपासला आणि त्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, असं सांगितलं. पुढे स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. बंदूक बाळगणं सोपं करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण, कायदा केला नसता तर जितकं असतं त्यापेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी जास्त होतं, असं त्यात दिसलं. यावर वाद अजूनही आहेत, पण पुराव्याचं पारडं आता या बाजूला झुकलेलं आहे.

मग नि:शस्त्र माणसाने काय करायचं?

पुन्हा आकडा आठवा. टेक्सासच्या नोंदीत नुसत्या हाताने थांबवलेले हल्ले ४२, गोळीने थांबवलेले २२.

एप्रिल २०१८ मध्ये नॅशव्हिलच्या एका वॅफल हाउस हॉटेलमध्ये हल्लेखोराने ४ जणांना मारलं. तो थांबलेला क्षण बघून एका ग्राहकाने त्याच्यावर झेप घेतली आणि तापलेली रायफल हिसकावून काउंटरपलीकडे फेकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या एका क्लबमध्ये एका माजी सैनिकाने आणि इतरांनी हल्लेखोराला असंच आडवं केलं. त्याच्याकडे बंदूक नव्हती.

आणि आपल्याला तर यासाठी अमेरिकेत जायची गरजच नाही. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबची एके-४७ धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. ते पोलीस होते, बघे नव्हते, पण हल्लेखोराला जवळून पकडणं म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हे त्यांच्यामुळे महाराष्ट्राला माहीत आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या यंत्रणा लोकांना सांगतात तो क्रम असा आहे: आधी पळा, पळता येत नसेल तर लपा, दोन्ही शक्य नसेल तरच लढा. त्याच्या जोडीला जखमेतून वाहणारं रक्त कसं थांबवायचं याचं प्रशिक्षण २०१५ पासून सामान्य लोकांना दिलं जातंय. त्याला कुठला परवाना लागत नाही आणि ते रस्त्यावरच्या अपघातातही कामी येतं.

भारतात हा प्रश्न आहे का?

आहे, फक्त वेगळ्या रूपात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरायचा हक्क मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त बळ वापरता येत नाही, ही त्याची मर्यादा.

पण काही ठिकाणी सरकारनेच नागरिकांच्या हाती बंदुका दिल्यात. जम्मूच्या डोंगराळ भागात १९९५ पासून ग्राम संरक्षण समित्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये राजौरीतल्या धांगरी गावात अतिरेक्यांनी घरात शिरून गोळीबार केला, तेव्हा गावातल्याच एकाने आपल्या रायफलमधून गोळ्या झाडल्या आणि ते पळाले. या हल्ल्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या स्फोटात मिळून ७ जणांचा जीव गेला. पोलीस ठाण्यापासून दूर असलेल्या गावात जवळ बंदूक असण्याला अर्थ आहे, हे यावरून दिसतं. त्याच वेळी या समित्यांमधल्या काही सदस्यांवर त्याच बंदुकांच्या जोरावर केलेल्या गुन्ह्यांची नोंदही आहे.

छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरोधात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून शस्त्रं दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं आणि शस्त्रं परत घ्यायला सांगितलं. आणि मे २०२५ मध्ये आसाम सरकारने संवेदनशील भागातल्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचा निर्णय घेतला. तिथे ‘चांगला माणूस’ कोण, हे समाज बघून ठरणार का, असा सवाल विरोधकांनी केला.

मग उत्तर काय?

सशस्त्र माणूस जीव वाचवू शकतो का? हो, वाचवलेत. ग्रीनवुडमधले लोक त्याची साक्ष आहेत. ते नाकारणं खोटेपणाचं होईल.

पण म्हणून जास्तीत जास्त लोकांनी बंदुका बाळगल्या की सगळे सुरक्षित होतील का? आत्तापर्यंतचे आकडे तसं सांगत नाहीत. असे प्रसंग थोडे आहेत, त्यातले बरेच प्रशिक्षित लोकांचे आहेत आणि वाचवणाऱ्यालाच हल्लेखोर समजलं जाण्याचा धोका खरा आहे.

पोलीसच पुरे, असंही नाही. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डीच्या शाळेत ३७६ सुरक्षा कर्मचारी जमले होते. तरी हल्लेखोरापर्यंत पोहोचायला ७७ मिनिटं लागली आणि १९ मुलं व २ शिक्षिका मारल्या गेल्या. ‘पोलीस येईपर्यंत काय मरायचं का?’ हा प्रश्न तिथल्या आईवडिलांनी विचारला, तर त्याला उत्तर देणं सरकारचं काम आहे. ते काम कमरेला पिस्तूल लावलेल्या अनोळखी माणसावर ढकलून भागणार नाही.

तेव्हा पुढचा तसा व्हिडिओ आला की शेअर करण्याआधी एवढं बघा: तो माणूस प्रशिक्षित होता का, व्हिडिओ संपल्यावर त्याचं काय झालं, आणि अशा किती घटनांत बंदूक असूनही काही उपयोग झाला नाही. अरवाडातल्या त्या माणसाने जे केलं ते धाडसच होतं. फक्त त्याची गोष्ट पूर्ण सांगायची, तर शेवटची गोळी कुणाची होती हेही सांगावं लागतं.